चौथं लुगडं

माझ्या आजीचा एकही फोटो नाही. १९५१च्या श्रावणात, चंदगड तालुक्यातल्या एका वाडीवर, माझ्या वडिलांना जन्म देऊन चारेक तासांत ती गेली. चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यात होता, कोल्हापुरात आला तो १९५६ साली. ताम्रपर्णीला पूर होता. बैलगाडी पलीकडे जाणं शक्य नव्हतं, आणि गेली असती तरी पुढचा रस्ता चिखलाचा होता. आजीचं वय एकोणीस की वीस, ते नक्की सांगणारं आता कुणी उरलं नाही.

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांच्या चुलतीने पाजलं. तिची स्वतःची लेक तेव्हा अंगावर पीत होती, एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला नाना. शाळेच्या दाखल्यावर नानांची जन्मतारीख १ जून आहे, त्या पिढीतल्या निम्म्या गावाची असते तशी, गुरुजींनी घातलेली. खरी तिथी घरात सगळ्यांना माहीत होती, पण नानांचा वाढदिवस आम्ही कधी केला नाही. जन्माचा आणि मरणाचा दिवस एकच, करायचं तरी काय?

आजी सवाष्ण गेली, म्हणून भाद्रपदात अविधवा नवमीला आमच्याकडे सवाष्ण जेवायला असते. आई तिची ओटी भरते, पूर्वी लुगडं द्यायची, आता साडी. त्या दिवशी नानांची आत्या हयात असेपर्यंत न चुकता यायची. आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. आजी गेली तेव्हा आक्का बारा वर्षांची होती आणि उंबऱ्याबाहेर गरम पाण्याचं भगुणं घेऊन उभी होती. दरवर्षी जेवणं झाली, की ती नानांच्या पाठीवर हात ठेवून तेच सांगायची, त्याच शब्दांत:

"पोरा, तीन लुगडी भिजली तुझ्या आईची. चौथं घरात न्हवतं. मग पोतं घातलं."

आणि सुईण काय म्हणत होती तेही सांगायची. सुईण म्हणत होती, "जाऊ दे, घाण हाय ती, गेलेली बरी."

मी लहानपणापासून हे गरिबीची गोष्ट म्हणून ऐकत आले. घरात चौथं लुगडं नव्हतं, इतकी गरिबी. मोठी झाल्यावर त्यात बाईच्या जातीची गोष्ट दिसायला लागली. पण ती मोजण्याची गोष्ट आहे, हे मला कळायला माझ्या वयाची पंचेचाळीस वर्षं जावी लागली.

दोन वर्षांपूर्वी नानांची एक ठेव मुदत संपून हातात आली. नाना गणिताचे शिक्षक, निवृत्त. पैशाचं काय करायचं हे त्यांचं आधीच ठरलं होतं: आमच्या भागात एक छोटं धर्मादाय रुग्णालय आहे, तिथल्या प्रसूती विभागाला आपल्या आईच्या नावाने काहीतरी द्यायचं. आणि दारावर संगमरवरी फळा लावायचा. फळ्यावरचा मजकूर त्यांनी वहीत लिहून ठेवला होता, शुद्धलेखन दोनदा तपासून.

माझी धाकटी बहीण म्हणाली, "नाना, फळ्याचं कशाला? दान गुप्त असावं." मला तिचं पटलं नाही. ज्या माणसाने आईचा चेहरा फोटोतसुद्धा पाहिला नाही, त्याला तिचं नाव कुठेतरी दगडात कोरलेलं बघावंसं वाटलं, तर त्यात हौस नाही, भूक आहे. आणि नावाच्या पाट्यांना आपण उगीच नावं ठेवतो. मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामांनी पैसा दिला म्हणून १८८६ साली बायकांसाठी, बायका डॉक्टर चालवतील असं रुग्णालय उभं राहिलं. १९२६ मध्ये परळला नौरोसजी वाडियांच्या नावाचं प्रसूतिगृह झालं. आजही मुंबईची माणसं सहज सांगतात, "मी वाडियातला." देणाऱ्याचं नाव असं लाखो लोकांच्या जन्माच्या पत्त्यात जाऊन बसलं, यात मला तरी काही वावगं दिसत नाही.

तर आम्ही दोघं गेलो. तिथल्या मुख्य सिस्टर पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आधी सगळा विभाग फिरवून दाखवला. पंख्यांच्या पात्यांवर 'यांच्या स्मरणार्थ', बाकांच्या पाठीवर 'यांजकडून सप्रेम भेट', वॉटर कूलरवर पूर्ण कुटुंबाची नावं. कोपऱ्यात बाळाला ऊब देणारं एक यंत्र चादरीखाली झाकून ठेवलेलं होतं. त्याचा एक भाग बिघडला होता, तो मिळत नव्हता, आणि मिळाला असता तर बसवायला माणूस नव्हता. चादरीच्या खालून देणगीदाराच्या नावाची पितळी पट्टी तेवढी दिसत होती. सिस्टर तक्रारीच्या सुरात काही बोलल्या नाहीत. चादर सरळ केली आणि पुढे गेल्या.

नानांनी विचारलं, "मग आम्ही काय द्यावं? तुम्हीच सांगा."

सिस्टर म्हणाल्या, "सर, थांबा जरा. एक गंमत दाखवते."

आदल्या दिवशी त्यांनी नवीन मुलींना शिकवायला कोकमाचं आगळ पाण्यात कालवून ठेवलं होतं, त्यातलं उरलेलं होतं. एक जुनं सुती पातळ घडी करून त्यांनी टेबलावर पसरलं, वर थोडा कापूस टाकला आणि भांड्यातलं लाल पाणी हळूहळू त्यावर ओतलं. पातळाने ते पिऊन टाकलं. कडेला टेबलावर थोडा ओघळ आला, तेवढाच.

"सर, किती असेल?"

नाना वाकले. चष्मा वर केला. चाळीस वर्षं मुलांना घनफळ शिकवलेला माणूस. म्हणाले, "पाव लिटर. फार तर तीनशे मिली."

"सहाशे," सिस्टर म्हणाल्या. "मी मोजून घेतलं होतं."

नाना सरळ झाले आणि बराच वेळ त्या पातळाकडे बघत राहिले. वरून ते नुसतं ओलं दिसत होतं, इकडे डाग, तिकडे डाग. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी आणि वर अर्धा कप एवढं त्यात जिरलं असेल, असं कुणालाही वाटलं नसतं. बाळंतपणात अर्ध्या लिटरच्या वर रक्त गेलं की तो रक्तस्राव धोक्याचा धरतात. म्हणजे नानांच्या डोळ्यांनी धोका पार केला होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

मग सिस्टरांनी कपाटातून एक गोष्ट काढली. पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकचं कापड, वरच्या बाजूला रुंद, दोन कडांना बांधायच्या नाड्या, आणि खाली निमुळती होत गेलेली थैली, नरसाळ्यासारखी. थैलीवर रेघा आणि आकडे. तिथे सगळे तिला ड्रेप म्हणतात. बाळ बाहेर आलं की ती बाईच्या कमरेखाली सरकवायची, नाड्या बांधायच्या, थैली टेबलाच्या कडेवरून खाली लोंबते. जे रक्त जातं ते घरंगळत तिच्यात येतं आणि रेघ सांगते किती. एकदा वापरली की टाकून द्यायची.

"ही द्या," सिस्टर म्हणाल्या. "महिन्याला आमच्याकडे पंचवीस-तीस बाळंतपणं होतात. कधी येतात, कधी संपतात. संपल्या की आम्ही परत पातळांवर."

नाना गाडीत बसेपर्यंत काही बोलले नाहीत. घाट उतरताना एकदम म्हणाले, "एका नऊवारीत किती मावत असेल गं?" मी गाडी बाजूला घेतली.

पुढचे काही आठवडे मी जे मिळेल ते वाचलं. त्यात एक गोष्ट अशी निघाली की अंगावर काटा आला. ही थैली बेळगावची आहे. आजीला जिथवर नेता आलं नाही, त्याच बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर रक्त मोजायची अशी थैली तयार केली. कारण त्यांना एक औषध तपासायचं होतं, मिझोप्रोस्टॉल नावाची गोळी. बाळंतपणानंतर गर्भपिशवी आवळून धरणारं नेहमीचं इंजेक्शन, ऑक्सिटोसिन, फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, आणि टोचायला शिकलेला हात लागतो. गोळीला दोन्ही लागत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० बायकांवर हा अभ्यास झाला. गोळी नर्सबाईंनी दिली, निम्म्या बायकांना खरी आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशी. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. खोट्या गोळीच्या गटात शंभरातल्या बारा बायकांना धोक्याचा रक्तस्राव झाला, खऱ्या गोळीच्या गटात साधारण सहा जणींना.

हा फरक कळला, कारण रक्त मोजलं. त्याच मंडळींनी नजरेचा अंदाज आणि थैलीतलं माप ताडून पाहिलं, तेव्हा नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. शिकलेल्या, रोज बाळंतपणं करणाऱ्या माणसांची ही नजर. मग त्या सुईणीला दोष कसा द्यायचा? चिमणीच्या उजेडात, काळ्या-हिरव्या लुगड्यावर, तिला काय दिसणार होतं? दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त फिरत असतं. वार पडल्यावर पिशवी आवळली नाही तर हातात असतात ती काही मिनिटं, आणि ती मिनिटं कपड्यात जिरून जातात.

त्या थैलीचं नाव ब्रास-व्ही. ती बनवणाऱ्या सात जणांच्या नावांची आद्याक्षरं जोडून ते केलं आहे. नावं त्यात आहेत, पण वाचता येत नाहीत. मी हे नानांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

यापुढचं काम आफ्रिकेत झालं. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांत असं बघितलं, की रेघांची थैली लावली आणि रेघ ओलांडताच सगळे उपाय एकामागून एक न करता एकदमच केले तर काय होतं. पोट चोळून गर्भपिशवी आवळायला लावणं, ऑक्सिटोसिन, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सलाईन, आणि कुठे फाटलंय का याची तपासणी. २०२३मध्ये निकाल आला: लिटरभर रक्त जाणं, त्यापायी पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. नवीन औषध एकही नव्हतं. जुन्या पद्धतीत निम्मे रक्तस्राव वेळेत लक्षातच येत नव्हते, आता शंभरातले त्र्याण्णव येऊ लागले. बेळगावच्या अभ्यासाला आणि या अभ्यासाला, दोन्हीला गेट्स फाउंडेशनचा पैसा होता. मोठ्या दानाने काय करावं याचं मला हे उत्तम उदाहरण वाटतं: जे एका रुग्णालयाला कधीच करता येणार नाही ते, म्हणजे दोन लाख बाळंतपणं मोजून बघणं. पण त्यानंतर कुठल्याशा तालुक्यात, मंगळवारी रात्री अडीच वाजता, कपाटात थैली असणं, हे काम कुणाचं?

इथे मला राग येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे २,६०,००० बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेल्या. रोज सातशेहून जास्त. त्यातल्या दहातल्या नऊहून अधिक गरीब आणि निम्नमध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या, आणि चौथ्या हिश्शाहून जास्त एकट्या नायजेरियातल्या. १९४६च्या भोर समितीने एकट्या हिंदुस्थानात वर्षाला दोन लाख बायका बाळंतपणापायी मरतात असा अंदाज दिला होता. माझी आजी त्या दोन लाखांच्या काळातली. आपण तिथून खूप लांब आलो आहोत हे खरं: २०१८-२०च्या सरकारी आकड्यांत लाख जन्मांमागे देशात ९७ माता जात होत्या, महाराष्ट्रात ३३, आसामात मात्र १९५. पण आपल्या गरोदर बायकांतल्या निम्म्याहून जास्त आजही अशक्त रक्ताच्या आहेत. ज्या बाईच्या अंगात मुळात रक्त कमी, तिला अर्धा लिटर म्हणजे किती हे कुठल्याही रेघेवर लिहिलेलं नसतं.

आणि २०२५मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीचा हात आखडता घेतला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी हेच आकडे जाहीर करताना सांगितलं, की अनेक देशांत दवाखाने बंद पडताहेत, माणसं कमी होताहेत, आणि रक्तस्रावाच्या औषधांचा पुरवठा तुटतो आहे. एका देशाच्या राजधानीत एक सही होते, आणि तिसऱ्याच खंडावर एका कपाटातली थैली संपते. ज्यांनी वर्षानुवर्षं दिलं त्यांचे उपकार कुणी नाकारू नयेत. पण बाळंतीण आज आहे, उद्याही असणार, परवाही असणार. तिच्यासाठीचं दान हे देवळाच्या कळसासारखं एकदा बसवून चालत नाही.

मी हे सगळं तावातावाने नानांपुढे मांडत होते. ते ऐकून घेऊन म्हणाले, "अगं, मुष्टिफंड."

नाना रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या त्या वसतिगृहांसाठी गावोगावच्या बायका रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या. कुणा एकीच्या मुठीने कोणी मोठा झाला नाही, आणि कुणा एकीचं नाव कुठे लिहिलेलं नाही. पण पंगतीला भाकरी रोज पडायची. "आम्ही कुणाचं खाल्लं, हे आम्हाला कधी कळलं नाही," नाना म्हणाले. "रोज खाल्लं, एवढं खरं."

मग त्यांनी वही काढली आणि हिशोब मांडला. ठेवीची रक्कम पुन्हा बँकेत, तिचं व्याज महिन्याला. त्या व्याजात तीस थैल्या बसत होत्या आणि थोडे उरत होते. उरलेल्याचं काय, म्हणून सिस्टरांना फोन केला. त्या जरा अडखळल्या आणि म्हणाल्या, "सर, रात्रपाळीच्या एका मुलीच्या पगारात कमी पडतात. पण पगाराला कोणी देत नाही, म्हणून मी मागत नाही."

पगाराला कोणी देत नाही. हे वाक्य मी तेव्हापासून किती जणांकडून ऐकलं! वस्तूला देतात, इमारतीला देतात, कारण त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढता येतो. पण थैलीतली रेघ वाचायला जागं माणूस लागतं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी, मोजता न येणाऱ्या सुईणींना बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून, वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं एक साधन केलं होतं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया. किती साधं! पण त्यांचं सगळं काम वाचलं की कळतं, मणी महत्त्वाचे होतेच, त्याहून महत्त्वाची होती ती गावातली बाई, जिला मणी सरकवायला शिकवलं, जिच्यावर विश्वास टाकला, आणि जिला पुन्हापुन्हा भेटत राहिले. नानांनी पगाराला पैसे दिले. पावतीवर काय लिहायचं असं कार्यालयाने विचारलं, तर म्हणाले, "पगार असंच लिहा."

फळ्याचा विषय नानांनी पुन्हा काढला नाही. मला मात्र चुटपुट होती. त्या वर्षीच्या अविधवा नवमीला मी आईला म्हटलं, या वेळी सवाष्ण म्हणून सिस्टरांना बोलवू. त्या एसटीने आल्या, रात्रपाळी करून, डोळे तांबारलेले. आईने ओटी भरली, साडी दिली. सिस्टरांनी साडीची घडी उलगडून पाहिली आणि नानांना म्हणाल्या, "सर, सहावारीत साधारण दीड लिटरपर्यंत जिरतं. तुम्ही मागे विचारलं होतं म्हणे, मॅडम सांगत होत्या. मी पाणी ओतून पाहिलं." नऊवारीचं त्यांनी सांगितलं नाही, आणि नानांनी विचारलं नाही. तीन गुणिले किती, हे त्यांना कागदाशिवाय येत होतं.

अंगात असतं त्याहून जास्त रक्त कुणाचं जाऊ शकत नाही, त्यामुळे ती तीन लुगडी चिंब भिजली नसणार, डागाळली असणार, घाईने बदलली असणार. मी हे नानांना समजावायला गेले. ते म्हणाले, "असू दे. मोजलं नव्हतं ना कुणी."

आता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नाना थैल्यांचं खोकं घेऊन एसटीने जातात. कुरिअर करा म्हटलं तर ऐकत नाहीत. सिस्टर त्यांना नाव-गाव काही सांगत नाहीत, सांगूही नये. पण रजिस्टरमध्ये रक्ताचा जो रकाना आहे त्यातले आकडे वाचून दाखवतात, आणि नाना ते वहीत उतरवून घेतात. १८०, २२०, १५०, ३१०, २००. एकाखाली एक, शाळेतल्या हजेरीसारखे, सुवाच्य अक्षरात. बेरीज नाही, सरासरी नाही. गणिताच्या माणसाने नुसते आकडे लिहून ठेवायचे, हे मला आधी चमत्कारिक वाटलं होतं.

गेल्या श्रावणात, त्या तिथीच्या दोन दिवस आधी, रात्री त्यांचा फोन आला. मी घाबरलेच, ते इतक्या उशिरा फोन करत नाहीत.

"सातशे वीस," ते म्हणाले.

"काय झालं, नाना?"

"परवा रात्रीची. पहिलटकरीण, वीस वर्षांची. तीनशेची रेघ पाच मिनिटांत गेली म्हणून मुलीने लगेच हाक मारली. सगळं एकदम सुरू केलं." थोडं थांबले. "आज दुपारी मी तिथे होतो. जिन्यावरून चालत उतरली. बाळ तिच्या आईकडे होतं, आणि हिच्या हातात डब्याची पिशवी."